अनुभव धागा : युवक सहल आणि वाळवंटातला दिवस

शालोम मंडळी! आपली बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातली मुलं युवक गटाबरोबर इस्रायलला जाऊन येतात. जेरुसलेम-तेल अवीवचे फोटो ढिगाने दिसतात, पण वाळवंटातल्या चालीबद्दल विचारलं की "पाय कामातून गेले" एवढंच उत्तर मिळतं. तर आता नीट सांगा. कुठे चाललात, काय खाल्लंत, कोणाची बोबडी वळली, सगळं चालेल. पुढच्या वेळी जाणाऱ्या पोरांना उपयोग होईल.

ठाण्याहून
मसादा, म्हणजे मृत समुद्राकाठचा डोंगरी किल्ला. अंधारात सापवाटेने, म्हणजे वळणावळणाच्या पायवाटेने, चढायला लागलो. आम्ही कळसूबाई, हरिश्चंद्रगड केलेले, त्यामुळे भाव खात होतो. वाट खरंच अवघड नाही. वर पोचल्यावर गाइड म्हणाला, मृत समुद्रापासून आपण साडेचारशे मीटर वर आहोत, पण खऱ्या समुद्रसपाटीपासून जेमतेम ५०-६०! म्हणजे एवढं चढून घराजवळची टेकडीच गाठली म्हणायची. सूर्य जॉर्डनच्या डोंगरांमागून आला, फोटो झाले. मी मात्र रेंगाळलो हेरोद राजाच्या पाण्याच्या टाक्यापाशी. गडांवरची टाकी आपण पाहिलेली असतात, पण इथे जिना उतरून आत जावं लागतं आणि आत अख्खी चाळ मावेल. पाऊस नावालाच पडणाऱ्या मुलखात! पुराचं पाणी पाटाने डोंगराच्या कुशीतल्या टाक्यांत वळवायचे आणि तिथून वर वाहून न्यायचे म्हणे.

पनवेलहून
आम्ही नेगेव वाळवंटातल्या मख्तेश रामोनमध्ये चाललो. ४० किलोमीटर लांबीचा खड्डा, पण उल्केचा नाही हं, पाण्याने झिजून झालेला. दादा, भाव खाण्यावरून सांगते. सह्याद्रीत घाम निथळतो, म्हणून आपण पाणी पितो. इथे हवा इतकी कोरडी की घाम जागच्या जागी उडतो. शर्ट कोरडा, तहान नाही, सगळं छान वाटतं. दुपारी बॅग काढली तर पट्ट्यांच्या जागी मिठाच्या पांढऱ्या रेघा! आमच्याबरोबरचा वैद्यकीय मदतनीस दर थांब्याला ओरडून पाणी प्यायला लावायचा आणि लघवीचा रंग विचारायचा. सगळ्यांसमोर. मुली आधी लाजल्या, नंतर आपणहून रंग सांगायला लागल्या.

दिमोनाहून
मुलांनो, मी इथे, नेगेव वाळवंटातल्या दिमोना गावात वाढले. आमच्या शाळेची वर्षाची सहल म्हणजे हेच चालणं. एकदा आकाश निरभ्र असताना वादीतली (कोरड्या नदीपात्रातली) चाल रद्द झाली. आम्ही केवढा गोंधळ घातला! पण पाऊस लांब डोंगरात पडतो, इथल्या मातीवर कडक पापुद्रा धरतो, पाणी मुरत नाही आणि कोरड्या पात्रातून लोंढा येतो. २६ एप्रिल २०१८ ला नहाल त्साफीतमध्ये असाच लोंढा आला आणि १० तरुण मुलं गेली. गाइड "आज नाही" म्हणाला तर हुज्जत घालू नका.

पुण्याहून
जेवण: पिटा, ट्यूना, काकडी, चॉकलेटचं लोणी. आईने दिलेली लसणीची चटणी काढली आणि अर्जेंटिनाच्या पोरांनी संपवली. एवढंच.

अलिबागजवळून
चालताना रोतेमचं झुडूप लागलं. पानं जवळजवळ नाहीतच, नुसत्या हिरव्या काड्या. सावली चाळणीतून गाळल्यासारखी. तरी आम्ही आठ-दहा जण तिच्यात डोकी खुपसून बसलो. गाइडने तनाखमधली (आपल्या ज्यू धर्मग्रंथातली) गोष्ट सांगितली: एलियाहू संदेष्टा जीव वाचवत बेर-शेवाच्या पुढे दिवसभर चालला, अशाच रोतेमखाली बसला आणि "पुरे झालं, आता मरण दे" म्हणाला. मग देवदूताने त्याला भाकर-पाणी देऊन उठवलं. मी चाट पडले. आमच्या घरचा एलियाहू हन्नाबी (हाच एलियाहू संदेष्टा) म्हणजे मलिद्याच्या ताटाचा, नवस फेडायचा, ज्याच्या रथाच्या खुणा खंडाळ्याला दाखवतात (अलिबागकडचं खंडाळा, घाटातलं नव्हे). हा थकून रडकुंडीला आलेला एलियाहू मला नवाच होता. आणि खरं सांगू, तापलेल्या दगडांवर तासभर चालल्यावर तो जास्त पटला.

पनवेलहून
ताई, हे गाइडने आम्हाला का नाही सांगितलं! एक विचारायचं राहिलं, दिमोनाच्या मावशी: बूट नवे घ्यावेत का?

दिमोनाहून
नवे घे, पण घरी महिनाभर घालून फीर. टोपी मागून मान झाकणारी हवी. आणि अर्धी बाटली गटातल्या विसराळूसाठी धर, तो दर गटात असतोच.