घरातल्या माणसाने हाताला धरून शिकवलेला पदार्थ: तुमचा अनुभव लिहा

वालाच्या बिरड्याची कृती कुठेही मिळते. पण आमच्या अलिबागच्या माईंनी, म्हणजे माझ्या आजेसासूबाईंनी, दाखवलेल्या खुबी मला एकाही पुस्तकात सापडल्या नाहीत. कडवे वाल रात्री भिजवायचे, सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून सोलायचे, इथपर्यंत सगळं सगळ्यांना माहीत असतं. माई दाणा हातात घेऊन दाखवायच्या: मोडाकडून दाबायचा नाही, उलट्या टोकाला दाबायचा. डाळिंबी मोडासकट अख्खी सटकते. फोडणीत टाकल्यावर डाव घालायचा नाही, पातेलं फडक्याने धरून हलवायचं. आणि आमसूल अगदी शेवटी, कारण आंबट आधी पडलं की वाल शिजता शिजत नाहीत. माई गेल्या, पण नारळीपौर्णिमेला बिरडं होतंच, आणि आता माझी पुतणी सोलायला बसते.

तुमच्याकडे काय आलंय, कुणाकडून? अख्खी कृती नको. त्या माणसाने शिकवलेली खुबी तेवढी लिहा.

*

माहेर जळगावकडचं, आता पुण्यात. आत्याकडून खापरावरचे, म्हणजे पालथ्या मातीच्या भांड्यावर भाजलेले, मांडे शिकले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी आल्या की आमरसाबरोबर मांडे हवेतच. खरं काम कणकेत आहे. पाणी लावत, आपटत इतकी तिंबायची की ताणली तरी तुटू नये. पुरण भरून पोळपाटावर थोडंसंच लाटायचं आणि मग उचलून दोन्ही हातांवर फिरवत मोठं करायचं. आत्या म्हणायची, "बोटं मिटून ठेव, नखाने फाटतं." तिचा मांडा कोपरापर्यंत यायचा. खापरावरून उतरला की गरम असतानाच घडी घालायची, गार झाला की कडक होतो आणि मोडतो. इथे मी मोठ्या बर्नरवर खापर ठेवते. मांडा आत्याच्या निम्म्यानेच होतो, पण चव तीच आहे, हे मी छातीठोकपणे सांगते.

*

गोड्या मसाल्यात दगडफूल सर्वांत शेवटी, गॅस बंद केल्यावर, कढईच्या उरलेल्या धगीवर. आईच्या मावशीचा नियम. ते पटकन करपतं आणि मग सगळा मसाला कडवट लागतो.

*

इस्रायलमधून, अश्दोदहून लिहितोय. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, आजी मूळची पेणकडची. रोश हशाना, म्हणजे आमचं नवं वर्ष, आलं की घरात चिकाचा हलवा. आजी गहू तीन दिवस भिजवायची, रोज पाणी बदलायची, मग वाटून पिळून चीक खाली बसू द्यायची आणि वरचं पाणी अलगद ओतून टाकायची. हलव्यात गाईम्हशीचं दूध नाही, नारळाचं. आमच्यात मांसाबरोबर दूध चालत नाही, त्यामुळे सणाच्या मटणाच्या जेवणानंतरही हा हलवा खाता येतो. कोकणातल्या नारळाने आमचा धर्म असा सांभाळला, याचं मला फार अप्रूप वाटतं. ढवळताना हात थांबवायचा नाही. गोळा पातेल्याच्या कडा सोडायला लागला आणि बोटाला चिकटेनासा झाला की लगेच ताटात थापायचा. हल्ली बरेच जण चायनाग्रास घालतात, काम लवकर होतं. मला ते पटत नाही. चिकाच्या हलव्याला जी चिवट, मऊ लुसलुशीत वडी येते ती त्याला येत नाही. आजीशी मी मराठीत बोलायचो, आता मुलींना हलवा शिकवताना चीक, गाळणं, ताट हे शब्द आपोआप मराठीतच येतात.

*

माझ्याकडे आलंय ते आजोबांकडून. कोल्हापूर. आमच्यात मटण घरातला पुरुष करायचा, रविवारी सकाळी मंडईतून आणण्यापासून. तांबड्या रश्शाबद्दल सगळेच बोलतात, आजोबांचा जीव पांढऱ्यात होता. मटण शिजवल्यावरचं अळणी पाणी बाजूला काढायचं, त्यात तीळ-खसखशीचं वाटण आणि नारळाचं दूध. दूध पडल्यावर रस्सा उकळू द्यायचा नाही, फुटतो. ते पातेल्यासमोरून हलायचे नाहीत, कडेला पहिला बुडबुडा दिसला की आच बंद. मीही फोन बाहेर ठेवून तसाच उभा राहतो.

जळगावच्या ताई, नवं खापर आणल्यावर पहिल्यांदा तापवण्याआधी काय करता? बायकोला मांडे करून बघायचे आहेत.