आईबापाची, घरादाराची गाणी रविवारच्या उपासनेत म्हणावीत का?

पेटीवाली, सदर (धागा सुरू करणारी)

आधीच सांगते, माझं मत ठाम आहे. आपल्या माणसांनी स्वतःच्या घरावर रचलेली साधी मराठी ख्रिस्ती गाणी रविवारच्या मुख्य उपासनेत म्हटली गेली पाहिजेत. आईची प्रार्थना, बापाचं आजारपण, लेकराचा जन्म, कर्ज फिटल्याचा दिवस यांवरची ही गाणी आज कॉटेज मीटिंगमध्ये, म्हणजे घरोघरच्या प्रार्थनासभेत, आणि महिला मंडळातच अडकून पडली आहेत.

निमित्त असं झालं. कुटुंब रविवारी आमच्या मंडळीतल्या एका बाईंचं गाणं बसवायचं ठरलं होतं. त्यांचे यजमान रेल्वेत गँगमन होते. रात्रपाळीला निघताना दारातच थांबून एकेका लेकराच्या डोक्यावर हात ठेवायचे, प्रार्थना करायचे, मग चपला घालायचे. ते गेल्यावर ही प्रार्थना थोरला मुलगा करतो. बापाचे सगळे शब्द त्याला आठवत नाहीत, म्हणून तो मधेच थांबतो, आणि तो थांबला की धाकटी पुढचा शब्द सांगते. गाण्यात एवढंच आहे. चाल ओवीच्या अंगाची, पेटीवर दोन वेळा ऐकली की कोणालाही म्हणता येईल अशी. तिसऱ्या कडव्यात मुलगा जिथे अडतो तिथे त्यांनी ओळ अर्धी सोडली आहे आणि उरलेली ओळ बायकांनी उचलायची आहे. अशी जागा शिकवून येत नाही. तालमीला ती ओळ आली की म्हणणाऱ्यांचे आवाज आपोआप खाली यायचे.

कमिटीतल्या एका ज्येष्ठांनी निर्णय दिला, "ही साक्ष झाली, म्हणजे स्वतःच्या अनुभवाचं सांगणं, गीत नव्हे. आशीर्वचन झाल्यावर म्हणा." आशीर्वचन झाल्यावर लोक चपला शोधत असतात.

मला हे पटत नाही. बायबलातल्या हन्नेचं गाणं लेकरासाठी तळमळलेल्या बाईचं आहे. मरीयेचं गाणं ती पोटुशी असताना नातेवाइकांच्या घरी म्हटलेलं आहे. १२८व्या स्तोत्रात बायको आहे, जेवायला बसलेली मुलं आहेत. पौल तीमथ्याला त्याच्या विश्वासाची आठवण देतो ती आजी लोईस आणि आई युनीके यांची नावं घेऊन. घर पवित्र शास्त्रात चालतं, तर वेदीसमोर का चालू नये?

अमेरिकेतलं एक उदाहरण बघा. १९०७ सालचं एक चर्चगीत आहे. मरणानंतर आपलं कुटुंब स्वर्गात पुन्हा एकत्र येईल का, असा त्याचा विषय. व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागातल्या कार्टर कुटुंबाने त्याची कडवी बदलली आणि १९३५ साली ते ध्वनिमुद्रित केलं. प्रश्न तोच राहिला, पण आता एक माणूस खिडकीशी उभा आहे, आईला न्यायला गाडी आली आहे आणि तो गाडीवानाला हळू न्यायला सांगतो आहे. आज जगाच्या तोंडी आहे ते हे दुसरं गाणं. विश्वासाचा प्रश्न घरात आला तेव्हा लोकांनी तो आपला मानला.

उपासना संगीत

पेटीवाली ताई, गाण्याबद्दल तक्रार नाही. वर्णनावरूनच ते चांगलं असणार हे कळतं. पण ज्येष्ठांचा निर्णय बरोबर आहे असं माझं प्रामाणिक मत आहे.

उपासनेतलं गीत सगळ्या मंडळीच्या तोंडी बसावं लागतं. मी उभा राहून "माझा धनी रात्रपाळीला जाई" म्हटलं तर ते माझं खरं नाही, मी दुसऱ्याचं दुःख म्हणून दाखवतो आहे. "मी पापी, तू तारणारा" म्हटलं तर ते माझंही खरं, शेजारच्याचंही खरं, आणि त्या बाईंचंही खरं. मंडळी एका मुखाने गाते ती या पायावर.

कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांकडे बघा. बाप्तिस्म्याआधी ते आपल्या नागपुरातच धनिक बुटींच्या आश्रयाला होते, हे इथल्या किती तरुणांना ठाऊक आहे? १८९५ साली बाप्तिस्मा, १९१९ साली देहान्त. एवढ्या काळात त्यांनी अभंग, ओवी, पदं, कीर्तन हे सगळं मराठमोळं धन ख्रिस्ताच्या चरणी आणलं. त्याआधी आपण बऱ्याच अंशी इंग्रजी चालींवर मराठी शब्द ओढूनताणून बसवत होतो. संसारावरही ते लिहीत. 'माझी भार्या' त्यांचीच, 'बापाचे अश्रू' त्यांचीच. पण त्या कविता म्हणून लिहिल्या. भजनात ते निव्वळ भक्त म्हणून उभे राहतात. घर त्यांना कमी प्रिय नव्हतं, तरी दोन्हींची जागा त्यांनी वेगळी ठेवली.

आणि मार्काच्या तिसऱ्या अध्यायात आई आणि भाऊ बाहेर येऊन थांबले असताना प्रभू "माझी आई कोण, माझे भाऊ कोण?" असं विचारतो, तेही वाचावं. रडू येणं म्हणजे पश्चात्ताप नव्हे. आईवरचं गाणं ऐकून कोणालाही रडू येतं, विश्वास नसलेल्यालाही येतं.

तरुण संघ, जरीपटका

दादा, तुमचं जुन्या गीतांचं पुस्तक आमच्या पिढीतले किती जण उघडून राहिले ते पहा ना बाप्पा एकदा. आमच्याकडं गिटार, कीबोर्ड, कॅहोन, सगळं हाय. गाणी बहुतेक हिंदी, नाहीतर इंग्रजीवरून केलेली. एकच ओळ आठ-दहा वेळा. चांगली वाटतात, खोटं काहून बोलू? पण त्यात आमचं घर कुठंच नाही. माझी आजी चुलीपुढं बसून जे म्हणायची ते नाही, बाप भाजीचा ठेला लावायच्या आधी अंधारात जे पुटपुटतो ते नाही. घरात मराठी अन् चर्चमध्ये गेलं की दुसरीच भाषा. ताईंचं गाणं आम्हाला द्या, आम्ही बसवतो. फक्त गिटारवर बसवू, त्याला नाही म्हणू नका.

इंदोऱ्याचा गायक

मी ख्रिस्ती नाही, बौद्ध आहे. जयभीम. विषय जवळचा वाटला म्हणून लिहितो.

आमच्याकडे भीमगीतांत रमाईची गाणी आहेत. गोवऱ्या थापणारी रमाई, लेकरं गमावलेली रमाई, साहेब परदेशी शिकत असताना उपाशी राहून संसार ओढणारी रमाई. जयंतीच्या रात्री इंदोऱ्यात स्टेजवर ती सुरू झाली की म्हाताऱ्या बाया पदर डोळ्याला लावतात. बाबासाहेबांचं मोठेपण ग्रंथ न वाचलेल्या माझ्या आईपर्यंत पोचलं ते रमाईच्या चुलीवाटे. वामनदादा कर्डकांसारख्या माणसांनी गावोगाव फिरून हे गाणं उभं केलं. विचार पसरायला घर लागतं, एवढंच माझं म्हणणं.

उपासना संगीत

जयभीम दादा, फार मोलाचं लिहिलंत. पण तुमच्याच उदाहरणावरून विचारतो. विहारात वंदना सुरू होते तेव्हा त्रिसरण-पंचशील होतं, पालीतून. रमाईचं गाणं तेव्हा म्हणत नाहीत, ते जयंतीच्या रात्री स्टेजवर म्हणतात. दोन्ही पाहिजेत, दोन्हींची जागा वेगळी. मी याहून जास्त काही मागत नाही.

इंदोऱ्याचा गायक

वंदनेत ते नसतं, हे खरं. पण आमच्यात स्टेजच्या गाण्याला कोणी "नंतर म्हणा" म्हणत नाही. त्याची स्वतःची आख्खी रात्र असते. तुमच्या त्या ताईंच्या गाण्याला कोणती रात्र आहे?

मोहननगरहून

कॅथलिक बाजू थोडक्यात. व्हॅटिकन परिषदेच्या १९६३च्या दस्तऐवजाने उपासनेत लोकभाषेला वाट मोकळी केली आणि मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, मराठीतून सुरू झाली, ही मोठीच गोष्ट. पण मिस्सेत प्रवेशगीत, अर्पणगीत, कम्युनियनचं गीत यांचा आशय ठरलेला असतो. घरचं गाणं त्यात कोंबलं तर दोन्हींची पंचाईत होते. आमच्याकडे अशी गाणी घरच्या जपमाळेनंतर, अंत्यविधीच्या आदल्या रात्री घरी आणि डिसेंबरात कॅरल घेऊन फिरताना म्हणतात. तिथे ती शोभतात.

एक वाचक

मला वेगळंच सांगायचं आहे आणि ते सांगणं सोपं नाही.

या गाण्यांतली आई नेहमी गुडघ्यावर असते. बाप नेहमी डोक्यावर हात ठेवतो. आमच्या बापाचा हात उठायचा तो वेगळ्या कारणासाठी. आई कंटाळून माहेरी गेली ती परत आली नाही. कुटुंब रविवार आला की मी मागच्या बाकावर बसते आणि मुलं-आईबाप जोडीने पुढे बोलावले की बाहेर जाऊन उभी राहते. जुन्या गीतांत मला कोणी विचारत नाही की तुझं घर कसं होतं. तिथे मी, देव आणि बाकीची मंडळी, एवढंच असतं. ताईंचं गाणं सुंदर असेल, पण ते सुरू झालं की मी त्या घराच्या दाराबाहेर असणार. याचा विचार कोणी केला आहे का?

पेटीवाली, सदर

या बहिणीला आधी उत्तर देते, बाकीच्यांना मग.

तुमचं दुःख मला कळतं आणि कुटुंब रविवारच्या त्या जोडीने पुढे बोलावण्याला माझाही विरोध आहे. पण मोडलेल्या घरावरची गाणी नाहीत, हा दोष घरच्या गाण्याचा नाही, ती आपण लिहू दिली नाहीत याचा आहे. शिकागोचे थॉमस डॉर्सी १९३२ साली सेंट लुईला सभेत गायला गेले असताना घरी त्यांची बायको बाळंतपणात गेली, पाठोपाठ बाळही गेलं. त्यातून त्यांनी जे गाणं लिहिलं त्यात सुखी घर कुठेच नाही. थकलेला माणूस फक्त "माझा हात धर" म्हणतो. ते लोकांनी चर्चमध्येच म्हटलं, आजही म्हणतात. आणि ३रं स्तोत्र उघडा. मथळ्यात लिहिलं आहे, पोटचा मुलगा अबशालोम याच्यापुढून दावीद पळाला तेव्हाचं. बाप-लेकाचं वैर आपल्या सगळ्यात जुन्या गीतपुस्तकात आहे.

उपासना संगीत दादा, तुमचा "एका मुखाने" हा मुद्दा सगळ्यात जड आहे. पण ५१वं स्तोत्र दावीदाने दुसऱ्याच्या बायकोशी, बथशेबेशी, केलेल्या पापानंतर लिहिलं. ते पाप माझं नाही, तरी मी ते माझं म्हणून म्हणते. टिळकांचं म्हणाल तर त्यांनी भजनात ख्रिस्ताला आई म्हणून हाक मारली आहे, म्हणजे घर पुरतं बाहेर राहिलं नाही. आणि ख्रिस्ती घर आतून कसं असतं हे उभ्या महाराष्ट्राला कळलं ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'तून. भांडणं, ताटातूट, भाकरी, प्रार्थना, सगळं एकाच पानावर.

उपासना संगीत

ताई, ३रं स्तोत्र मथळ्याच्या पुढेही वाचा. आत अबशालोम नाही, मुलगा हा शब्दही नाही. आहेत ते वैरी, ढाल, आरोळी, झोप आणि जाग. बापाने आपलं घर मथळ्यात ठेवलं आणि गीत सगळ्यांसाठी मोकळं केलं. ५१व्यातही बथशेबा मथळ्यातच आहे. म्हणून तर ते तुम्हाला आपलं म्हणता येतं, आणि वरच्या बहिणीलाही म्हणता येतं. त्या बाईंनी गँगमनचं नाव मथळ्यात घालावं आणि आत प्रार्थना ठेवावी. मग मी स्वतः कमिटीशी भांडेन.

तरुण संघ, जरीपटका

मग ती अर्धी सोडलेली ओळ जाईल ना दादा. गाण्याचा जीवच तिथं हाय.

पेटीवाली, सदर

तेच तर. १२८व्या स्तोत्रात मुलं मथळ्यात नाहीत, आत मेजाभोवती बसली आहेत. दोन्ही तऱ्हा शास्त्रातच आहेत, म्हणून एकीलाच उपासना म्हणणं मी मान्य करणार नाही. त्या बाईंना मी शब्द बदलायला सांगणार नाही.

वरच्या बहिणीला मात्र माझी विनंती आहे. तुमचं दार, तुमचा मागचा बाक यावर तुम्ही लिहिलंत तर चाल मी बसवून देईन. आणि ज्यांच्या घरी आजी-आईची अशी गाणी अजून तोंडी आहेत त्यांनी नुसते शब्द उतरवू नयेत. वहीत चाल राहत नाही. मोबाइलवर त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवा, पेटीशिवाय, त्या म्हणतात तशीच. जरीपटक्याच्या भावाला ते गाणं मी तसंच पाठवते आहे. गिटारला हरकत नाही, फक्त तिसऱ्या कडव्यात गिटार थांबवा.