अनुभव धागा: हातात मावणारा गेमिंग पीसी आणि जुने कन्सोल, कशाला किती ताकद लागते?

कोल्हापुरात ही यंत्रं आता बऱ्याच जणांकडे दिसतात, पण घेताना सगळ्यांची नजर ग्राफिक्सच्या आकड्यांवरच जाते. ज्यांनी नीट वापरलंय त्यांनी लिहा: कोणत्या कन्सोलला किती वॅट, कोणती सेटिंग, काय अडतं आणि का. किस्से नकोत. नावाच्या जागी आपला भाग लिहिला तरी चालेल. गेमच्या फाइली कुठं मिळतात हे कुणी विचारू नये, सांगूही नये. बायोस (कन्सोल सुरू करणारं त्याचं मूळ सॉफ्टवेअर) स्वतःच्या कन्सोलमधून आणि गेम स्वतःच्या डिस्कवरून, एवढ्यावरच बोलू.

राजारामपुरी

इम्युलेशनला, म्हणजे जुन्या कन्सोलचं सोंग सॉफ्टवेअरनं वठवायला, ग्राफिक्सपेक्षा प्रोसेसरच्या एकेका कोअरचा वेग जास्त लागतो. स्टीम डेक (व्हॉल्व्हचा हातातला पीसी, पुढं नुसतं 'डेक') घ्या, त्यात एएमडीच्या झेन २ पिढीचे ४ कोअर आहेत, कमाल वेग ३.५ गिगाहर्ट्‌झ. पण प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांना मिळून १५ वॅटच मिळतात. एका विहिरीवर दोन मोटरी बसवल्यासारखं हे, एकीनं जास्त ओढलं की दुसरीची धार बारीक होते.

प्लेस्टेशन २ चा गेम ४ पट रिझोल्यूशनवर लावला की ग्राफिक्स वॅट खातं, प्रोसेसरचा वेग पडतो आणि पहिल्यांदा आवाज तुटायला लागतो. लोक म्हणतात यंत्रात दम नाही. अरे, डेकचा पडदा ८०० ओळींचा आहे आणि पीएस२ चं चित्र साधारण ४४८ ओळींचं. २ पट केलं की ८९६, पडदा भरून वर उरतंच. पीसीएसएक्स२ (पीएस२ चा इम्युलेटर) मध्ये रेंडरर, म्हणजे चित्र काढायची पद्धत, व्हल्कन ठेवा, एमटीव्हीयू (काम आणखी एका कोअरवर वाटणारी सेटिंग) चालू करा. तरीही अडखळलं तर डेकच्या उजव्या बाजूच्या तीन ठिपक्यांच्या बटणातून ग्राफिक्सचा क्लॉक ८०० ते १००० मेगाहर्ट्‌झवर बांधून टाका. वाचलेले वॅट प्रोसेसरला जातात. ईई सायकल रेटला (पीएस२ च्या मुख्य प्रोसेसरचा वेग) हात सगळ्यात शेवटी. तो कमी केला की वेग १०० टक्के दिसतो, पण गेम आतल्या आत फ्रेम गाळतो.

कसबा बावडा

वरचं पटलं. विंडोजवाल्यांसाठी भर घालतो. आरओजी अ‍ॅलाय, लीजन गो वगैरे झेड१ एक्स्ट्रीमच्या (एएमडीची झेन ४ पिढीची चिप) यंत्रांवर 'सीपीयू बूस्ट बंद करा, तापणार नाही' असा सल्ला व्हिडिओत फिरतो. पीसी गेमला तो ठीक आहे. इम्युलेशनला नाही, कारण बूस्ट गेला की कोअरचा वेग मूळ पातळीवर येतो आणि नेमकी तीच गोष्ट आपल्याला हवी असते. बूस्ट चालू ठेवा, ग्राफिक्सचं रिझोल्यूशन उतरवा.

प्लेस्टेशन ३ वेगळं प्रकरण आहे. त्याच्या सेल प्रोसेसरमधले एसपीयू (मदतनीस कोअर) एकाच वेळी कामाला लागतात, त्यामुळं आरपीसीएस३ ला (पीएस३ चा इम्युलेटर) वेग हवा आणि कोअरही हवेत. झेन ४ मध्ये ८ कोअर आणि एव्हीएक्स-५१२ (एका झटक्यात बरीच आकडेमोड करणाऱ्या सूचना) दोन्ही मिळतं, डेकच्या झेन २ मध्ये एव्हीएक्स-५१२ नाही. डेकवर पीएस३ चे हलके गेम चालतात, जड गेमची आशा धरू नका. पहिल्यांदा गेम उघडल्यावर पीपीयू मॉड्यूल (गेमचा कोड पीसीच्या भाषेत उतरवलेला) तयार व्हायला काही मिनिटं जातात. त्या वेळी चार्जर लावून वॅट पूर्ण सोडा आणि मधे बंद करू नका. पीएस३ च्या फर्मवेअरची फाइल सोनीच्या अधिकृत संकेतस्थळावरच मिळते.

शाहूपुरी

फक्त एसएनईएस (सुपर निन्टेंडो), गेमबॉय आणि पीएस१ खेळायचं असेल तर पीसी घेऊच नका भावा. ३.५ इंची, ६४०×४८० पडद्याचं आरजी३५एक्सएक्स प्लससारखं यंत्र पुरतं. पीएस१ चे बहुतेक गेम २४० ओळींचे, म्हणजे तिथं बरोबर दुप्पट बसतात. स्वस्त यंत्रांसोबत आलेलं मेमरी कार्ड मात्र पहिल्याच दिवशी बदला.

मंगळवार पेठ

पडद्याचं गणित पुढं नेतो. गेमबॉय अ‍ॅडव्हान्सचं चित्र २४०×१६०. डेकच्या १२८०×८०० वर ५ पट केलं की १२००×८००, उभ्यात एकही ओळ वाया जात नाही. रेट्रोआर्चमध्ये (बरेच इम्युलेटर एकत्र असलेलं अ‍ॅप) इंटिजर स्केल, म्हणजे पूर्ण पटीतच चित्र मोठं करणं, चालू करा, पिक्सेल टोकदार दिसतात. पीएसपी (सोनीचं हातातलं कन्सोल) ४८०×२७२ चं. १०८० ओळींच्या पडद्यावर ४ पट म्हणजे १९२०×१०८८, फक्त ८ ओळी जादा होतात. म्हणून पीएसपीला फुल एचडी पडदा फार छान जमतो.

आपल्याकडं महत्त्वाची गोष्ट ५० हर्ट्‌झ. भारतात पीएस१, पीएस२ च्या डिस्क पाल (५० हर्ट्झची टीव्ही पद्धत) पद्धतीच्या, आणि त्यातले बरेच गेम ५० फ्रेमनं चालतात. ६० हर्ट्‌झच्या पडद्यावर कॅमेरा आडवा फिरला की दर सहाव्या फ्रेमला झटका बसतो. इम्युलेटरमध्ये रिझोल्यूशन कमी-जास्त करून तो जात नाही. डेकमध्ये पडद्याचा रिफ्रेश ५० वर आणा, झटका गायब. अ‍ॅलायच्या पडद्याला व्हीआरआर (गेमच्या फ्रेमप्रमाणे पडद्याचा रिफ्रेश बदलणारी सोय) आहे, तिथं ही कटकट कमी.

लक्ष्मीपुरी

फाइलींबद्दल. पीएस२ ची चंदेरी डिस्क म्हणजे डीव्हीडी, निळ्या पाठीची म्हणजे सीडी. दोन्ही साध्या यूएसबी डीव्हीडी रायटरमध्ये वाचल्या जातात. पीएस१ ची डिस्क आयएसओ म्हणून काढू नका. बऱ्याच गेममध्ये संगीत वेगळ्या ऑडिओ ट्रॅकवर असतं आणि आयएसओत ते येत नाही. बिन आणि क्यू अशी फाइलींची जोडी काढा, मग सीएचडीमॅन नावाच्या प्रोग्रॅमनं दाबून सीएचडी फाइल करा: सीडीला 'क्रिएटसीडी', डीव्हीडीला 'क्रिएटडीव्हीडी'. निन्टेंडोच्या गेमक्यूब आणि वी या कन्सोलच्या डिस्क साध्या ड्राइव्हला वाचता येत नाहीत. त्या खुद्द वी कन्सोलवर क्लीनरिप या प्रोग्रॅमनं काढाव्या लागतात. नंतर डॉल्फिनमध्येच (या दोन्हींचा इम्युलेटर) दाबून आरव्हीझेड फाइल करा, जागा वाचते आणि मूळ माहितीतलं काही जात नाही.

मेमरी कार्डाचा फॉरमॅट फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही, आणि दुपदरी पीएस२ डिस्क ८.५ जीबीपर्यंत जाते. विंडोज यंत्राला एक्सफॅट ठेवा. डेक स्वतः कार्ड फॉरमॅट करतो ते एक्स्ट४ मध्ये. तेच कार्ड विंडोजला जोडलं की 'फॉरमॅट करू का?' असा प्रश्न येतो. हो म्हणालात तर सगळं गेलं. नवं कार्ड घेतल्यावर आधी एच२टेस्टडब्ल्यू या प्रोग्रॅमनं पूर्ण भरून तपासा. बनावट कार्ड ५१२ जीबी दाखवतं, पण खऱ्या जागेपलीकडं लिहिलेलं सगळं खराब होतं.

सेव्ह स्टेटच्या (इम्युलेटरनं त्या क्षणाची जपलेली स्थिती) भरवशावर राहू नका. इम्युलेटरची आवृत्ती बदलली की जुनं स्टेट उघडेलच असं नाही. गेममधल्या मेमरी कार्डवरही सेव्ह करा.

रंकाळा

पावसाळ्यात अ‍ॅनालॉग स्टिक आपोआप सरकायला लागते, त्याच्या तक्रारी वाढतात. आधी कॅलिब्रेशन, मग डेडझोन (स्टिक किती हलेपर्यंत दुर्लक्ष करायचं तो भाग) थोडा वाढवून बघा, स्टिक बदलणं शेवटी. हॉल इफेक्ट (चुंबकावर चालणारी, न घासणारी) स्टिक मागवताना डेकच्या एलसीडी मॉडेलमध्ये दोन पुरवठादारांचे भाग आहेत हे लक्षात ठेवा. आपला कोणता ते बघूनच मागवा, नाहीतर बसत नाही.

डेक उघडण्यापूर्वी मेमरी कार्ड काढा. ते आत राहिलं की मागचं झाकण ओढताना मोडतं, सगळ्यात जास्त होणारं नुकसान हेच. बॅटरी २५ टक्क्यांखाली आणा, आवाज वाढवायचं बटण दाबून ठेवून पॉवर बटण दाबा, डेकच्या स्वतःच्या बायोसमध्ये बॅटरी स्टोरेज मोड लावा. मागं ८ स्क्रू, दोन लांबींचे. कुठला कुठं होता तसे कागदावर मांडून ठेवा. एसएसडी २२३० मापाचा लागतो, २२८० बसत नाही. परत जोडून झाल्यावर चार्जर लावला की स्टोरेज मोड सुटतो आणि यंत्र जागं होतं.

उचगाव

बॅटरीचा हिशेब सोपा आहे. एलसीडी डेकची ४० वॅट-अवर, ओलेडची ५०. पीएस२ ला पडद्यासकट एकूण १५ वॅट जात असतील तर ४० भागिले १५, म्हणजे अडीच तासांच्या थोडं वर. एसएनईएस-पीएस१ ला टीडीपी (चिपला मिळणाऱ्या वॅटची मर्यादा) ४-५ वॅटवर बांधा, वेळ जवळजवळ दुप्पट होतो.

लाइट गेली तर पॉवर बँक चालते, पण ती ४५ वॅट पीडी (यूएसबी-सीचं जलद चार्जिंग) देणारी हवी. कमी वॅटची असेल तर डेक 'स्लो चार्जर' म्हणतो आणि खेळता खेळता बॅटरी उतरतच राहते. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-अवर, पण रूपांतरात काही जातं. एलसीडी डेक दीड वेळा भरेल असं धरा. महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये लावायचं असेल तर गाडीतला व्होल्टेज घरच्यासारखा नसतो, म्हणून अडॅप्टरवर १००–२४० व्होल्ट लिहिलंय का बघा. आणि बर्थवर पांघरुणात ठेवून खेळू नका, हवा आत घेणारी जाळी पाठीमागं असते.

राजारामपुरी

उचगावच्या आकड्याला एक अपवाद. रेट्रोआर्चमध्ये रन-अहेड (पुढची फ्रेम आधीच काढून बटणाचा उशीर कमी करणारी सोय) चालू असेल तर ४-५ वॅट पुरतीलच असं नाही, प्रत्येक फ्रेमला प्रोसेसर दुप्पट काम करतो. बटणाची चपळाई हवी असेल तर रन-अहेड १ फ्रेम आणि टीडीपी ६-७ वॅट.