ग्रामीण विदर्भातील विद्यापीठ रुग्णालयात किरणोपचार विभागाचे प्रमुखपद : पहिल्या वर्षी कशाला प्राधान्य द्यावे?

प्रश्न : वैनगंगाकाठ

नमस्कार. पूर्व विदर्भात तालुक्याच्या गावाजवळ असलेल्या एका अभिमत विद्यापीठाच्या रुग्णालयात पुढील महिन्यापासून किरणोपचार विभागाचे प्रमुखपद माझ्याकडे येत आहे. विभागात एक लिनॅक (विजेच्या साहाय्याने किरण निर्माण करणारे यंत्र), किरणोत्सारी कोबाल्टवर चालणारे एक जुने यंत्र आणि इरिडियमवर चालणारे ब्रॅकीथेरपीचे (किरणोत्सारी स्रोत शरीरात गाठीजवळ नेऊन द्यायच्या उपचाराचे) यंत्र आहे. एमडी करणारे निवासी डॉक्टर पुरेसे आहेत, वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ मात्र दोनच आहेत. रुग्णांत खर्ऱ्यामुळे (तंबाखू-सुपारीचे मिश्रण चघळल्यामुळे) झालेल्या तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वाधिक असून त्याखालोखाल गर्भाशयमुख आणि स्तन यांचे कर्करोग येतात. बहुतेक जण कास्तकार किंवा शेतमजूर असतात आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून उपचार घेतात.

व्यवस्थापनाला रुग्णसंख्या वाढवायची आहे, विद्यापीठाला शोधनिबंध हवे आहेत, निवासी डॉक्टरांना नव्या तंत्रांचे शिक्षण हवे आहे, आणि यंत्रे सांभाळणाऱ्या सहकाऱ्यांची मागणी मनुष्यबळाची आहे. यांपैकी एकही मागणी अवाजवी नाही. तरीही पहिल्या वर्षी सगळ्यांना हात घातला तर एकही धड होणार नाही, अशी काळजी वाटते. ज्यांनी अशी जबाबदारी सांभाळली आहे किंवा अशा विभागात काम केले आहे, त्यांनी सुरुवात कोठून करावी हे सांगावे.

उत्तर : निवृत्त प्राध्यापक, नागपूर

आपले अभिनंदन. माझे मत स्पष्टच सांगतो : पहिल्या वर्षी एकच गोष्ट लावून धरा. आपल्याकडे सुरू झालेला प्रत्येक उपचार ठरलेल्या तारखेला पूर्ण झाला पाहिजे.

तोंड-घशाच्या कर्करोगातील ३३ ते ३५ फ्रॅक्शन्स (एकूण किरणमात्रेचे एकेका वेळी द्यायचे हप्ते) सुमारे सात आठवड्यांत आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगातील बाह्य किरणोपचार व ब्रॅकीथेरपी मिळून आठ आठवड्यांच्या आत संपली पाहिजेत, हे आपण दरवर्षी विद्यार्थ्यांना शिकवतो. मध्ये खंड पडला की उरलेल्या कर्करोगपेशींना पुन्हा वाढायला अवधी मिळतो, आणि एकूण मात्रा तीच दिली तरी परिणाम तोच राहत नाही. देखभालीचा करार, तंत्रज्ञांच्या पाळ्या, रक्ततपासणीचा अहवाल हाती येण्याची वेळ, भूलतज्ज्ञांनी ब्रॅकीथेरपीसाठी राखून ठेवलेला दिवस, अशा विभागप्रमुखाच्या हातातील जवळजवळ सर्व गोष्टी शेवटी या तारखेपाशीच येऊन ठेपतात.

त्यासाठी आठवड्यातून एकदा चालू रुग्णांच्या सर्व फाइली टेबलावर घ्या आणि डॉक्टर, भौतिकतज्ज्ञ, तंत्रज्ञ व परिचारिका यांना एकत्र बसवा. प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर उपचार सुरू झाल्याची तारीख, समाप्तीची अपेक्षित तारीख आणि चुकलेले दिवस निवासी डॉक्टराने स्वतःच्या हाताने लिहिलेले असावेत. चुकलेल्या दिवसांची भरपाई शनिवारी जादा फ्रॅक्शन देऊन करायची, की एकाच दिवशी किमान सहा तासांच्या अंतराने दोन फ्रॅक्शन्स देऊन, याचा निर्णय त्याच बैठकीत व्हावा. ही बैठक आपण स्वतः घ्या, ती कनिष्ठांवर सोपवू नका. विभागप्रमुखाला कशाचे मोल वाटते, हे निवासी डॉक्टर त्याच्या हजेरीवरून ओळखतात.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने प्रामुख्याने विकसनशील देशांतील केंद्रांत केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तोंड-घशाच्या कर्करोगाच्या रुग्णांना आठवड्याला पाचऐवजी सहा फ्रॅक्शन्स देण्यात आली. एकूण मात्रा तीच होती, फक्त उपचाराचा काळ सुमारे एका आठवड्याने कमी झाला. पाच वर्षांनी आजार मूळ जागी व मानेतील गाठींत आटोक्यात राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण पाच फ्रॅक्शन्सच्या गटात ३० टक्के, तर सहाच्या गटात ४२ टक्के होते. आपल्या खर्ऱ्याच्या पट्ट्यात याहून मोलाचा पुरावा मला माहीत नाही. त्यासाठी नवे यंत्र घ्यावे लागत नाही, शनिवारची पाळी लावावी लागते, आणि ती लावण्याचा अधिकार आपल्याकडे आहे.

रुग्णसंख्येविषयी व्यवस्थापनाशी बोलताना यंत्राच्या वेळेचा हिशेब मांडा. स्तनाच्या कर्करोगात योग्य रुग्णांना २५ ऐवजी १५ फ्रॅक्शन्समध्ये ४० ग्रे (ग्रे हे किरणमात्रेचे एकक) देता येतात, आणि हाडांत पसरलेल्या आजाराच्या वेदनेसाठी बहुतेकदा ८ ग्रेची एकच मात्रा पुरते. यातून मोकळी होणारी वेळ नव्या रुग्णांना द्या. मात्र दिवसाच्या वेळापत्रकात बिघाड आणि भरपाई यांसाठी थोडी जागा रिकामी ठेवायचा आग्रह सोडू नका. वेळापत्रक काठोकाठ भरलेले असले की एका दिवसाच्या बिघाडाचा निस्तार पुढचे दोन आठवडे करावा लागतो.

उत्तर : भौतिकतज्ज्ञ, यवतमाळ

प्राध्यापकांच्या मताशी मी सहमत आहे. यंत्रांच्या बाजूने थोडी भर घालतो.

कोबाल्टचे अर्धायुष्य (किरणोत्सार निम्म्यावर येण्याचा काळ) ५.२७ वर्षे आणि इरिडियमचे सुमारे ७४ दिवस असते. म्हणजे कोबाल्टच्या यंत्राचे उत्सर्जन दर महिन्याला साधारण एक टक्क्याने घटते, आणि नव्या स्रोतावर दोन मिनिटांत होणाऱ्या उपचाराला पाचेक वर्षांनी चार मिनिटे लागतात. तोंडात फोड आलेल्या माणसाला डोके स्थिर ठेवणाऱ्या मुखवट्याखाली दुप्पट वेळ निश्चल पडून राहावे लागते, हे खरेदी समितीला समजावून सांगणे विभागप्रमुखाचेच काम आहे. इरिडियमचा स्रोत तीन-चार महिन्यांनी बदलावा लागतो. अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी, खरेदीचा आदेश आणि वाहतूक यांत वेळ जातो, म्हणून मागणीची फाइल स्रोत बसवल्याच्या महिन्यातच सुरू करावी. ती लेखा विभागात अडकली, तर गर्भाशयमुखाच्या रुग्णांचे आठ आठवडे तिथेच संपतात.

आपल्याकडचा उन्हाळा कसा असतो, हे सांगण्याची गरज नाही. लिनॅकला थंड पाणी पुरवणारा चिलर आणि खोलीची वातानुकूलन यंत्रणा यांची तपासणी फेब्रुवारीतच करून घ्या, आणि विजेच्या दाबातील चढउतारांची नोंद रोज ठेवायला सांगा. बिघाडाचा दोष कोणाचा, यावर देखभाल करणाऱ्या कंपनीशी वाद झाला तर ही नोंद उपयोगी पडते.

आणखी एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात लेखी स्वरूपात करावी, अशी कळकळीची विनंती आहे. सकाळी मोजलेली मात्रा मर्यादेबाहेर आढळली, तर त्या दिवशी यंत्र थांबवण्याचा अधिकार भौतिकतज्ज्ञाला असेल आणि बाहेर कितीही रुग्ण बसलेले असले तरी त्यावर दबाव येणार नाही, असे आपल्या सहीचे पत्र काढा. दोनच भौतिकतज्ज्ञ असलेल्या विभागात या पत्राचा आधार फार मोठा असतो.

उत्तर : समाजसेवा अधीक्षक, चंद्रपूर

मी डॉक्टर नाही. उपचार अर्धवट सोडून गेलेल्या रुग्णांच्या घरी फोन करण्याचे काम माझ्याकडे असते, म्हणून लिहीत आहे.

मृगाची पेरणी, सोयाबीनची कापणी आणि कापसाची वेचणी या काळात माणसे गावी जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण खरे तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गळतात. तोंड सोलवटून निघते, भाकर सोडाच, भाताची पेजही गिळवत नाही, आणि ‘शेक (किरणोपचार) लागून आणखी बिघडलं’ असे घरचे म्हणू लागतात. रुग्ण एक दिवस ‘घरी जाऊन येतो’ असे सांगतो आणि एसटीत बसतो. हे असे होणार आहे, ते तिसऱ्या आठवड्यापासून वाढत जाईल आणि उपचार संपल्यावर काही आठवड्यांनी कमी होईल, हे मुखवटा बनवण्याच्या दिवशीच रुग्णासोबत त्याच्या पत्नीला किंवा मुलालाही समजावून सांगितले, तर पुष्कळ जण टिकतात. त्याच दिवशी शेतीची कामे केव्हा आहेत आणि बैल-बकऱ्या कोण पाहणार, हेही विचारावे. नाकातून नळी घालावी लागली तर ती कोण सांभाळणार, याची सोय आधीच ठरवून ठेवावी.

यंत्रावर रुग्ण आला नाही, ही गोष्ट सर्वांत आधी तंत्रज्ञाला कळते. त्याने दुपारपर्यंत समाजसेवा विभागाला कळवावे, एवढा नियम आपण केलात तरी फरक पडेल. त्याच दिवशी फोन गेला तर माणूस बहुधा परत येतो, आठवड्याने फोन केला तर फार अवघड जाते. रुग्णालयाजवळ जेवणाची सोय असलेली धर्मशाळा नसेल, तर नव्या यंत्राच्या आधी तिची मागणी करा, असे मी म्हणेन.

वैनगंगाकाठ

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. बैठक आणि भौतिकतज्ज्ञांसाठीचे पत्र या दोन्ही गोष्टी पहिल्या आठवड्यातच करीन. एक प्रश्न उरतो : उपचाराच्या तारखा सांभाळण्यात सगळी शक्ती गेली, तर संशोधनाचे काय? शिवाय जिल्हा निवास कार्यक्रमामुळे प्रत्येक निवासी डॉक्टर तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करायला बाहेर जातो, त्यामुळे प्रबंधांचे कामही रेंगाळते.

निवृत्त प्राध्यापक, नागपूर

संशोधन याच कामातून उभे राहील. टाटा मेमोरियल रुग्णालयात गर्भाशयमुखाच्या पुढच्या टप्प्यातील कर्करोग असलेल्या ८५० महिलांवर अभ्यास झाला आणि तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. किरणोपचारासोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध दिल्याने फायदा होतो का, एवढाच साधा प्रश्न त्यात होता, आणि पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण ४६ वरून ५४ टक्क्यांवर गेल्याचे दिसले. आपल्यासारख्याच रुग्णांवरचा हा अभ्यास ठाम उत्तर देऊ शकला, कारण पाठपुरावा चिकाटीने झाला होता. आपल्या फाइलींवरील तारखा संस्थेच्या नैतिकता समितीच्या मंजुरीने पहिल्या दिवसापासून एकाच नमुन्यात नोंदवल्या, तर खंड का पडतो, कोणाचा पडतो आणि त्याचा परिणाम काय होतो, या विषयांवर दोन-तीन प्रबंध सहज उभे राहतील.

जिल्हा रुग्णालयात जाणाऱ्या निवासी डॉक्टराकडे त्या जिल्ह्यातील आपल्या जुन्या रुग्णांची यादी द्या. गडचिरोलीचा रुग्ण तपासणीसाठी आपल्यापर्यंत पोहोचू शकत नसेल, तर आपला निवासी डॉक्टर तिथे असताना जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात त्याची तपासणी होऊ शकते. यासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांशी आधी बोलून घ्या आणि आठवड्याचा एक वार ठरवून द्या.