कारल्यातल्या फळमाशीला काय करू? फवारून थकलो

वेलवाला:
कारल्याचा मांडव आहे, फळं बोटाएवढी झाली की वाकडी होतात, पिवळी पडून गळतात, फोडली तर आत पांढऱ्या अळ्या. दोनदा फवारलं, काही फरक नाही. तोडे चालू आहेत, माल लोकांच्या ताटात जाणार त्यामुळे औषध वाढवायची अजिबात इच्छा नाही. मिथाईल युजेनॉलचे सापळे लावले तर कारल्याची माशी त्यात येतच नाही. काय चुकतंय?

जुनी बाग:
दादा, ल्युर (माशीला वासाने ओढणारं आमिष) चुकलं. मिथाईल युजेनॉल आंबा-पेरूवरच्या माशीला, वेलवर्गीय भाज्यांच्या माशीला क्यू ल्युर लागतं. पण त्यातही फक्त नर अडकतात, मादी बाहेरच्या रानातूनही येते आणि डंख मारत राहते, म्हणून सापळा भरला की काम झालं असं समजू नका.

फवारणी लागू पडत नाही कारण मादी सालीच्या आत अंडी घालते, अळी गरात वाढते आणि फळ गळलं की मातीत शिरून कोष करते, औषध पोचणार कुठे? माझा सगळा भर डागी फळं वेचण्यावर असतो, वेलावरची आणि खाली पडलेली दोन्ही, निदान एक दिवसाआड. काळ्या प्लास्टिक पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा नाहीतर 2 फूट खोल पुरा. वेलाखालची माती अधूनमधून हलवा, कोष उघडे पडून पक्षी-मुंग्या खातात.

हिरवं रान:
वेचणीला +1. सोबत प्रोटीनचं आमिष वापरा, मादीला अंडी धरायला प्रोटीन लागतं म्हणून ती त्यावर येते. त्यात स्पिनोसॅड हे कीटकनाशक मिसळतात, सगळ्या पिकावर मारायचं नाही, ठिकठिकाणी पानांखाली थोडं थोडं द्यायचं. निंबोळी अर्क देणार असाल तर संध्याकाळीच, उन्हात तो लवकर निकामी होतो आणि सकाळी कारल्याच्या फुलांवर मधमाश्या असतात, त्यांना जपा, त्यांच्याशिवाय फळ धरत नाही.

वेलवाला:
डागी फळं मी बांधावरच फेकत होतो :( आजच गोळा करतो. कडेने मका लावला तर उपयोग होतो असं ऐकलंय, आता लावू का?

हिरवं रान:
या पिकाला उशीर झाला, मका वाढेपर्यंत तोडे संपत येतील. माशी कडेच्या उंच झाडांवर विसावते, बांधावर एरंड असेल तर सध्या आमिष त्याच्या पानांखाली द्या. मका पुढच्या वेळी कारल्याच्या आधी पेरा.