रिमोट केव्हीएमचा डबा छोट्या ऑफिसात लावावा का? माझं मत: लावावाच

मनीषनगरकर
रिमोट केव्हीएम म्हणजे कॉम्प्युटरचा कीबोर्ड, व्हिडिओ अन् माऊस दुरून चालवायचा डबा. मागच्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारचे दोन, बाहेर ४५ च्या वर, आणि नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या ज्या वर्कशॉपचं बिलिंग मी पाहतो तिथून फोन, "भाऊ सर्व्हर चालू होऊन नाही राहिला, गाड्या गेटवर उभ्या आहेत." लाईट गेली होती, आली होती. रिमोटचं सॉफ्टवेअर टाकलेलं आहे पण ते विंडोज उठल्यावर उठणार ना, अन् मशीन विंडोजपर्यंत पोचलंच नव्हतं. तोंडाला दुपट्टा बांधला, गाडी काढली, गेलो. मॉनिटर लावला तर काळ्या स्क्रीनवर सीमॉस चेकसम एरर, म्हणजे मशीनने जपून ठेवलेली सेटिंग बिघडली, पुढे जायला एफ १ दाबा. दाबला. झालं. जाण्यायेण्यात दीड तास गेला आणि काम एका बोटाचं.

त्याच आठवड्यात पायकेव्हीएम बनवला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रास्पबेरी पाय ४ हा एका बोर्डाचा छोटा कॉम्प्युटर घ्यायचा, त्याला एचडीएमआय कॅप्चरचा बोर्ड लावायचा. कॉम्प्युटरला वाटतं मॉनिटर जोडला, पण चित्र जातं पायमध्ये. पायमधून एक यूएसबी परत कॉम्प्युटरला, त्याला वाटतं कीबोर्ड माऊस आला. तुम्ही घरून ब्राउझर उघडायचा, बायोस, म्हणजे विंडोजच्या आधीची सेटिंगची स्क्रीन, सुद्धा दिसतो. विंडोज इन्स्टॉल करायची आयएसओ फाईल पेनड्राइव्हसारखी लावून पूर्ण फॉरमॅट मारता येतं. पॉवर आणि रीसेटच्या पिनांना वायर जोडली की मशीन हँग झालं तरी इथूनच बटण दाबल्यासारखं होतं. मोठ्या सर्व्हरमध्ये ही सोय जुनी आहे, सर्व्हर दुरून सांभाळायचं आयपीएमआय हे स्टँडर्ड १९९८ पासून आहे, एचपीचं आयएलओ, डेलचं आयड्रॅक त्याच वाटेचं. आपल्या असेम्बल मशीनलाच ती कधी मिळाली नव्हती.

माझं म्हणणं सरळ आहे, जिथे मशीन एकटं चालतं तिथे हा डबा हवाच. पटत नसेल तर कारण सांगा.

बर्डीवाला टेक्निशियन
भाऊ तुम्ही रोग सोडून लक्षणावर पैसे लावून राहिले. चेकसम एरर म्हणजे बहुतेक वेळा मदरबोर्डवरचा सेल मेला. सीआर २०३२, बर्डीत घड्याळवाल्याकडे पण भेटते. तो बदला, बायोसमध्ये लाईट आल्यावर आपोआप चालू व्हायचं सेटिंग असते ते करा, यूपीएसची बॅटरी किती वर्षाची आहे ते पाहा. तुमचा दीड तास तिथंच वाचला असता.

अन् दुसरं मले सांगायचं आहे ते जास्त महत्त्वाचं आहे. एका ऑफिसात गेलो होतो, तक्रार काय तर मशीन मधात मधात बंद पडते. पाहतो तर कॅबिनेट कूलरच्या ऐन तोंडासमोर. साईडचं पान काढलं तर आत धूळ अन् कूलरची ओल मिळून वाळलेल्या चिखलासारखा थर, पंख्याच्या पात्या जाड झालेल्या, रॅमच्या पट्टीचे दाते काळे. खोडरबराने घासले, ब्लोअर मारला, कूलरचं तोंड फिरवून दिलं, त्यानंतर एकदाही फोन नाही आला. आता सांगा, हे तुमच्या डब्याले दिसलं असतं का? डब्याले स्क्रीन दिसते, मशीन नाही दिसत. नागपुरात उन्हाळ्यात मशीनपाशी माणूस गेलाच पाहिजे. मी माझ्या व्हिजिटच्या पैशासाठी म्हणून नाही राहिलो, बिघाड हाताले अन् नाकाले कळते म्हणून म्हणून राहिलो.

मनीषनगरकर
@बर्डीवाला सेल बदलला, सेटिंगही केलं, तुमचं बरोबर. कूलरचं तर अगदीच मान्य. पण सगळेच प्रॉब्लेम धुळीचे नसतात. १९ जुलै २०२४ आठवा, क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर अडकली. उपाय काय होता, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाईल उडवायची, बस. पण सेफ मोडमध्ये जायला मशीनसमोर माणूस पाहिजे, अन् बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला कुलूप, असेल तर त्याची ४८ आकडी की टाकायला पण माणूस पाहिजे. ज्यांच्याकडे आयड्रॅक, आयएलओसारखं काही होतं त्यांना जागेवरून हलावं लागलं नाही, बाकीचे एकेका मशीनपाशी चालत गेले. तिथे ना ब्लोअर कामाचा ना रिमोट सॉफ्टवेअर.

लॉग वाचणारा
मी पूर्ण विरोधात आहे आणि कारण देतो. सॉफ्टवेअर विंडोजच्या आत असतं, म्हणून विंडोजचे नियम त्याला लागतात, लॉग पडतो, अँटीव्हायरस अडवतो, ॲडमिन बंद करू शकतो. हा डबा विंडोजच्या बाहेर आहे. कॉम्प्युटरच्या नजरेत तो एक साधा कीबोर्ड आणि एक साधा मॉनिटर, त्याची ओळख म्हणून जे नाव दिसतं तेही बदलता येतं. म्हणजे डबा कोणाच्या हाती गेला तर तो माणूस तुमच्या खुर्चीत बसला आणि मशीनला कळणारही नाही.

हे मी मनचं सांगत नाही. उत्तर कोरियाचे लोक खोट्या नावाने अमेरिकन कंपन्यांत घरून काम करायची नोकरी धरतात, कंपनी लॅपटॉप पाठवते तो अमेरिकेतल्याच कोणाच्या घरी, तिथे असे ढिगाने लॅपटॉप ठेवलेले, काहींना हेच केव्हीएमचे डबे लावलेले, आणि खरा माणूस दुसऱ्या देशातून टाइप करतो. कंपनीच्या सॉफ्टवेअरला वाटतं लॅपटॉप अमेरिकेतच आहे, माणूस समोर बसलाय. ॲरिझोनात असं घर चालवणाऱ्या बाईला जुलै २०२५ मध्ये साडेआठ वर्षांची शिक्षा झाली.

आणि स्वस्त डब्यांचं वेगळंच. नॅनोकेव्हीएम नावाचा छोटासा येतो, त्याच्या बोर्डावर बारीकसा मायक्रोफोन आहे हे २०२५ मध्ये एका संशोधकाने दाखवलं, आवाज रेकॉर्ड करायची साधनंही आत आधीपासून होती. कंपनीचं म्हणणं मूळ डेव्हलपमेंट बोर्डवरच तो आहे म्हणून आला, नंतर बऱ्याच गोष्टी सुधारल्याही. पण घेणाऱ्याला ते आधी माहीत होतं का? पायकेव्हीएमचं पण बघा, येतो तेव्हा युजर ॲडमिन पासवर्ड ॲडमिन, डब्याच्या आतला सगळे अधिकार असलेला युजर रूट, त्याचा पासवर्ड पण रूट. तुम्ही दोन्ही बदलले का? आणि राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचा रस्ता, उघडून ठेवलाय का? खरं उत्तर द्या.

मिहान नाईटशिफ्ट
पोर्टचा प्रश्न आपल्याकडे अर्धा आपोआपच सुटतो, बऱ्याच फायबर आणि मोबाईल कनेक्शनवर पब्लिक आयपी मिळतच नाही, अनेक घरांमागे एकच पत्ता, बाहेरून पोर्ट उघडायचा म्हटला तरी उघडत नाही. म्हणून टेलस्केल किंवा वायरगार्डसारखं व्हीपीएन (आपल्यापुरतं खासगी नेटवर्क) टाकायचं, डबा आतून बाहेर जोडला जातो आणि फक्त तुमच्या मोबाईल लॅपटॉपला दिसतो. मी तसंच वापरतो, रात्री दोनला कामठी रोडवरच्या गोडाऊनचं मशीन रीसेट केलंय, घरचे जागे पण झाले नाहीत. लॉग वाचणारे भाऊ जे सांगून राहिले ते चुकीच्या हातातल्या डब्याचं आहे, स्वतःच्या मशीनला स्वतः लावलेल्या डब्याचं नाही.

लॉग वाचणारा
@मिहान चुकीचा हात म्हणजे नेहमी परदेशातलाच नसतो. टेलस्केलचं अकाउंट ज्या मेलवर आहे तो मेल गेला की सगळं गेलं. टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड, लावलाय का मेलला? आणि नोकरी सोडून गेलेल्या पोराच्या मोबाईलमध्ये अजून ते ॲप आहे का, हे कोण पाहतं?

सदर अकाउंट्स
मी टेक्निकल नाही. सदरमध्ये एका ऑफिसात अकाउंट बघते. तुम्ही सगळे सर्व्हरबद्दल बोलून राहिले पण माझ्यासमोरच्या पीसीला असा डबा लावला तर मला कळेल कसं? रिमोट सॉफ्टवेअरमध्ये निदान वर पट्टी येते, कोणीतरी जोडलंय म्हणून, आणि सहसा मी ॲक्सेप्ट दाबल्याशिवाय आत येता येत नाही. आधीच्या एका नोकरीत मी पगारपत्रक उघडून बसले होते आणि बाण आपोआप सरकला, कोपऱ्यातल्या फाईलवर गेला आणि थांबला. मी माऊस उचलून हातात धरला होता, तरी बाण हलत होता. विचारलं तर म्हणे मेंटेनन्स चालू आहे. त्यानंतर तिथे असेपर्यंत मी बँकेचा पासवर्ड टाकताना एका हाताने स्क्रीन झाकायचे, आता कळतं की त्याचा काही उपयोग नव्हता. @मनीषनगरकर तुम्ही हा डबा फक्त सर्व्हरला लावलाय की कोणी बसतं त्या मशीनला पण?

मनीषनगरकर
ताई, खरं सांगतो. सर्व्हरला एक आहे आणि काउंटरच्या पीसीला एक आहे. काउंटरवाल्याला मॉनिटर लागतोच म्हणून एचडीएमआयचा स्प्लिटर टाकून एक वायर मॉनिटरला, एक डब्याला. मालकाला माहीत आहे. काउंटरवरच्या मुलाला मी सांगितलं नाही, सुचलंच नाही, मशीन लवकर चालू व्हावं एवढंच डोक्यात होतं.

सदर अकाउंट्स
मालकाला माहीत असणं आणि त्या मुलाला माहीत असणं यात फरक आहे भाऊ. तो दिवसभर त्या स्क्रीनवर असतो, जेवणाच्या सुट्टीत स्वतःचं व्हॉट्सॲप पण तिथंच उघडत असेल.

बर्डीवाला टेक्निशियन
ताईचं म्हणणं मले एकदम पटलं. सर्व्हरसमोर कोणी बसत नाही, तिथं ठेवा, मी पण आता तेवढ्याले नाही म्हणत नाही. पण काउंटरवर माणूस आहे ना, एफ १ तो दाबेल की, फोनवर सांगा त्याले. दोन मिनिटाचं काम, अन् तो शिकेल पण.

मनीषनगरकर
काउंटरवरचा काढतो. शनिवारी जाणार आहे तेव्हा स्प्लिटरसकट काढून आणतो आणि त्या मुलाला सांगतो पण की लावलेला होता. सर्व्हरवरचा राहील, त्यावर माझं मत बदललेलं नाही, गाड्या गेटवर उभ्या असताना मालकाचा जो फोन येतो तो ज्याने घेतला त्यालाच कळतं.

@लॉग वाचणारा तुम्ही खरं उत्तर मागितलं होतं. पोर्ट उघडा नाही, टेलस्केल आहे, मेलला टू-फॅक्टर आहे. ॲडमिनचा पासवर्ड बदललेला आहे. रूटचा नव्हता बदलला. आत्ता बदलायला बसलो तर सेव्ह होऊन नाही राहिला, एरर येतो.

लॉग वाचणारा
डब्याची फाईलसिस्टीम रीड-ओन्ली (फक्त वाचता येणारी) असते म्हणून, लाईट गेली तर कार्ड खराब होऊ नये यासाठी. आधी आरडब्ल्यू (rw) टाइप करून एंटर मारा, म्हणजे लिहिता येईल, मग पासवर्ड बदला, मग आरओ (ro), म्हणजे परत बंद. वेब पेजलाही टू-फॅक्टर लावता येतो, तोही आजच लावा. आणि काउंटरवरच्या डब्याचं शनिवारपर्यंत थांबू नका, टेलस्केलच्या यादीतून तो आत्ताच काढून टाका, घरबसल्या होतं.

मनीषनगरकर
रूटचा बदलला. काउंटरवाला यादीतून काढला. टू-फॅक्टर जेवण झाल्यावर लावतो.