वर्गात रिअ‍ॅलिटी शो दाखवून डावपेच शिकवावेत का?

कॉलेजरोडचा मास्तर
अकरावी कॉमर्सला शिकवतो. शनिवारचा शेवटचा तास मी 'सर्व्हायव्हर'ला देतो. अमेरिकेत २००० साली आलेला पहिला सीझन. १६ माणसं, सुरुवातीला दोन गट, एक बेट, ३९ दिवस, मतं टाकून एकेकाला घरी पाठवायचं, जिंकणाऱ्याला दहा लाख डॉलर.

दोन गट एकत्र आल्यावरचं पहिलं मतदान मी फळ्यावर मांडतो. माणसं दहा. चौघांनी आधीच ठरवून एकाच बाईचं नाव लिहिलं. असं आधी ठरवून मत देणं बाकीच्यांना पटत नव्हतं, त्यांची सहा मतं सहा ठिकाणी गेली. दहातल्या चार मतांवर ती बाई बाहेर! मागच्या बाकावरचा, एरवी तोंड न उघडणारा पोरगा उठून म्हणाला, "सर, ते सहा जण एकमेकांशी बोलले का नाहीत?" बहुमत आणि संघटित अल्पमत यातला फरक पुस्तकातून शिकवताना मला असा प्रश्न कधी आला नव्हता. माझं ठाम मत आहे की हे अभ्यासक्रमातच हवं.

पंचवटीची आई
सर, माझा याला स्पष्ट विरोध आहे. माझी मुलगी आठवीत असताना एका शिबिरात असाच 'एलिमिनेशन'चा खेळ घेतला. कोण नको, त्याचं नाव चिठ्ठीवर लिहायचं. तिच्या नावाच्या अकरा चिठ्ठ्या निघाल्या. त्यातली एक तिने घरी आणली, कारण अक्षर ओळखीचं होतं. रोज तिच्याच डब्यातलं खाणाऱ्या मैत्रिणीचं. दोन महिने ती रिक्षात त्या मुलीशेजारी बसली नाही. तुमच्या फळ्यावर ते आकडे असतात, पोरीच्या दप्तरात ती चिठ्ठी होती.

कॉलेजरोडचा मास्तर
ताई, वाचून वाईट वाटलं. मी मुलांना एकमेकांविरुद्ध मत द्यायला कधीच लावत नाही, लावणारही नाही. आम्ही फक्त पडद्यावरच्यांचं मत तपासतो.

एडिट टेबल
मी अशा कार्यक्रमांचं एडिटिंग केलंय, म्हणून सांगतो. दिवसरात्र कॅमेरे चालतात, तुमच्यापर्यंत तासाभराचा भाग येतो. एक जण बोलतोय आणि दुसरा तोंड वाकडं करतोय असं दिसतं, तेव्हा ते वाकडं तोंड सकाळच्या चहाच्या वेळचंही असू शकतं. त्यावर संगीत चढवलं की झाला खलनायक. यावरून 'मनुष्यस्वभाव' शिकवणार? 'बिग बॉस मराठी' २०१८ पासून बघतोय आपण. तिथे विजेता प्रेक्षकांच्या मतांवर ठरतो, म्हणजे माणूस घरातल्यांशी भांडताना बोलत असतो कॅमेऱ्याशी. मुलं तेच उचलतात.

कॉलेजरोडचा मास्तर
दादा, चेहऱ्यांचं मान्य. म्हणूनच मी हावभावांवर बोलत नाही. पण कोणी कोणाला मत दिलं, हे एडिटिंगने बदलत नाही. आणि तुमची हरकत हाच एक उत्तम धडा आहे. पुढच्या तासाला मुलांना विचारेन, या प्रसंगात आपल्याला काय दाखवलेलं नाही?

दिंडोरीचा द्राक्षवाला
मास्तर, आमच्या शिवारात दोन वर्षांपूर्वी आठ बागायतदारांनी ठरवलं, अमुक भावाखाली माल द्यायचा नाही. पावसाचा अंदाज आला. तिसऱ्या दिवशी पहाटे पाणी द्यायला गेलो तर शेजारच्या बागेत बॅटऱ्या चमकत होत्या, कॅरेट भरणं चाललेलं. दुपारपर्यंत आम्ही उरलेले सातही व्यापाऱ्याच्या भावाला आलो. तुमच्या भाषेत तो जिंकला. पण यंदा त्याचा ब्लोअर ऐन फवारणीत बंद पडला, तेव्हा आमच्यातल्या कोणीच ट्रॅक्टर दिला नाही. टीव्हीवरचा खेळ ३९ दिवसांत संपतो, आमचा बांध पिढ्यान् पिढ्या तोच. हा फरक सांगणार नसाल तर पोरांना अर्धंच शिकवताय.

गणितवाली
दिंडोरीच्या दादांनी सांगितलं तेच अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड यांनी १९८० च्या सुमारास संगणकावर तपासलं. नामवंत अभ्यासकांनी पाठवलेले प्रोग्रॅम 'सहकार्य करायचं की दगा द्यायचा' अशा खेळात एकमेकांशी पुन्हा पुन्हा खेळवले. जिंकला सगळ्यात साधा, अ‍ॅनाटोल रॅपोपोर्ट यांचा: सुरुवात सहकार्याने, पुढे समोरचा वागेल तसं. पुन्हा भेट होणार असेल तर दगा महाग पडतो. त्या बेटावरही तेच आहे. शेवटच्या दोघांतला विजेता निवडतात बाहेर काढलेले सात जण. पहिल्या सीझनला निकाल ४-३ लागला, एक मत फिरलं असतं तर चौघांच्या गटाचा म्होरक्या हरला असता. सर, तो शेवटचा भाग दाखवता ना?

कॉलेजरोडचा मास्तर
खरं सांगतो, वेळ पुरत नाही म्हणून आत्तापर्यंत गाळत होतो. चूक झाली. या शनिवारी तोच दाखवतो, आणि दादांची परवानगी असेल तर आठ बागांची गोष्टही सांगतो.

दिंडोरीचा द्राक्षवाला
सांगा. फक्त गावाचं नाव नको. पाहिजे तर मी येतो.

पंचवटीची आई
माझा विरोध कायम आहे. पण त्या चार मतांनी बाहेर गेलेल्या बाईवरही बोला. तिला त्या रात्री काय वाटलं असेल, हे कोणी विचारलं नाही इथे.

कॉलेजरोडचा मास्तर
ताई, हे तुम्हीच येऊन विचारा मुलांना. शनिवारी, चार वाजता.

पंचवटीची आई
मुलीला विचारते. ती येणार असेल तर येईन.